धुऱ्याचा दावा आणि अर्ध्या तासाचं आभाळ

अमरावतीहून अकोल्याला जायचं तर आधी बडनेऱ्याला जावं लागतं, या गोष्टीचा कमलाकांतराव तळवेलकर वकिलांना मनापासून राग होता. शहाण्या माणसानं शहरातून गाडीत बसावं, सहा मैलांवर उतरावं, तिथे मुंबईकडच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभं राहावं, आणि ती आली की मूर्तिजापूरला इंजिन पाणी पिऊन होईस्तोवर पुन्हा बसून राहावं, हे त्यांना कायद्याच्या राज्यात शोभत नाही असं वाटे. त्यांच्या बैठकीत वऱ्हाडचा मोठा नकाशा टांगलेला होता. पक्षकार समोर बसून गाऱ्हाणं सांगत असला तरी वकीलसाहेबांचं बोट नकाशावर अमरावतीपासून अकोल्यापर्यंत सरळ रेघ ओढत असे.

"हवेतून पन्नास मैल. फक्त पन्नास," ते पुटपुटत, आणि पक्षकाराला वाटे, हे आपल्याच खटल्यातलं एखादं कलम असावं.

त्या वर्षी पौषात बडनेरा रस्त्याच्या कडेच्या पडीक रानात होरमसजी नावाचा एक पारशी वैमानिक विमान घेऊन उतरला. एकावर एक असे दोन पंख, पुढे दोघांना बसायची उघडी जागा, आणि मागे तो स्वतः. पैसे घेऊन लोकांना वर न्यायचं, अंबादेवीच्या देवळावरून एक गिरकी मारायची आणि खाली आणून सोडायचं, हा त्याचा धंदा. बघायला सगळी अमरावती लोटली. वर जाणारे थोडे, आणि खाली येऊन सांगणारे त्याहून कितीतरी जास्त.

कमलाकांतराव रोज संध्याकाळी तिथे जात. वर मात्र गेले नाहीत. ते होरमसजीला प्रश्न विचारीत. वेग किती, वारा समोरून असला तर किती, पाठीमागून असला तर किती.

"अकोल्याला किती वेळ लागेल?" त्यांनी एकदा विचारलं.

होरमसजी कमी बोलणारा माणूस होता. त्यानं बोट ओलं करून हवेत धरलं. "अर्धा तास. थोडा वर."

एवढं कळल्यावर वकीलसाहेबांना घरी झोप येईना. दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत त्यांनी ही गोष्ट अशी काही सांगितली, की जणू अमरावती ते अकोला हा हवाई मार्ग त्यांनीच खोदून काढला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. फक्त हेमचंद्र दाभाडकर वकील पानाला चुना लावता लावता हसले. हे हेमचंद्र म्हणजे कमलाकांतरावांचे शाळेपासूनचे सोबती आणि निम्म्या खटल्यांत समोरच्या बाजूचे वकील.

"सोमवारी अकोल्याला तुमच्या मैनाबाईचा दावा आहे," हेमचंद्र म्हणाले. "मी प्रतिवादी रामरावांकडून सकाळच्या गाडीनं जातो. तुम्ही या आभाळातून. बघू कोर्टात आधी कोण पोचतं."

"होरमसजी सोमवारीच आपला तळ अकोल्याला हलवतोय," कुणीतरी माहिती पुरवली.

खोलीत तेव्हा दहा-बारा वकील होते. दोघेच असते तर कमलाकांतरावांनी विषय बदलला असता. दहा-बारांसमोर त्यांना "ठीक आहे" याशिवाय दुसरं काही म्हणता येईना.

मैनाबाईचा दावा साधा होता आणि म्हणूनच बरीच वर्षं चालला होता. काटेपूर्णेच्या काठी पिंपळशेंडा गावात मैनाबाईचं काळ्या मातीचं वावर. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, पण बाई खमकी. तिच्या वावराला लागून तिच्या चुलत दिराचं, रामरावाचं वावर. मधे धुरा, म्हणजे मातीचा बांध. दरवर्षी नांगरटीच्या वेळी रामरावाचा नांगर चुकून एक-दोन सऱ्यांएवढा धुरा खाई, आणि तो तेवढाच मैनाबाईच्या अंगाला सरके. असा चालत चालत तो पार तिच्या बोरीच्या झाडापलीकडे गेला, तेव्हा तिनं दावा लावला. दोनदा तारखा पडल्या, दोनदा वकीलसाहेबांनी मुदत मागितली. आता न्यायाधीश म्हणाले होते, की यापुढे बाई आणि तिचे वकील यांच्यापैकी एकजण जरी गैरहजर असला तरी दावा काढून टाकीन.

मैनाबाई त्या महिन्यात अमरावतीला भावाकडे आली होती. सोमवारी पहाटे ती गाठोडं काखेत मारून वकिलांच्या दाराशी उभी राहिली. बरोबर स्टेशनावर जायचं असं आधीच ठरलेलं होतं. दार गोदावरीबाईंनी, म्हणजे वकीलसाहेबांच्या पत्नीनं उघडलं.

"वकीलसायेब उठले काय?" मैनाबाईनं विचारलं.

"उठलेत. गळ्याला मफलर गुंडाळून आरशासमोर उभे आहेत," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज तीन दिवसांपासून असाच कोरडा होता. "आज ते आगगाडीनं जात नाहीत. उडत जाताहेत."

मैनाबाईला हे नीट समजायला थोडा वेळ लागला. वकीलसाहेब बऱ्याच वेळानं बाहेर आले तेव्हा तिनं विचारलं, "अन् मी?"

कमलाकांतरावांचा चेहरा उतरला. मैनाबाईला आदल्या दिवशीच निरोप धाडून एकटीलाच आगगाडीनं पाठवायचं, हे त्यांच्या मनात होतं. पण चष्म्यावरून वाऱ्याचा चष्मा कसा बसवायचा या विचारात रविवार संपला आणि निरोप राहिला.

"तुम्ही गाडीनं या," ते म्हणाले.

"गाडी तं गेली असंन आता," मैनाबाई म्हणाली. "तुमच्याच भरवशावर मी इथं येऊन उभी राह्यली."

खरंच, स्टेशनाकडून शिट्टी ऐकू आली आणि लांब लांब जात विरून गेली. त्या गाडीत हेमचंद्र होते, वाटेत काटेपूर्णेला रामराव चढणार होता, म्हणजे खटल्याची समोरची सगळी बाजू होती.

"बाई हजर नसल्या तर दावा जातो ना?" गोदावरीबाईंनी शांतपणे विचारलं. बारा वर्षं वकिलाच्या घरात काढल्यावर एवढा कायदा त्यांनाही येत होता.

"जागा दोन माणसांची आहे," कमलाकांतराव हळू आवाजात म्हणाले.

"मंग चाला," मैनाबाईनं गाठोडं पुन्हा काखेत मारलं. "माह्या वावराचा खटला. तुमी वरून जाता तं मी काहून नाही?"

ते दोघं रानात पोचले तेव्हा विमान कुठे आहे तेच दिसत नव्हतं. सगळीकडे धुकं पसरलं होतं. होरमसजी एका खोक्यावर बसून चहा पीत होता. धुकं हटेपर्यंत उडता येणार नाही, असं त्यानं सांगितलं. धुकं हटलं तेव्हा पेट्रोल गाळायचं काम निघालं. कातड्यातून थेंब थेंब गाळलेलं ते पेट्रोल बघून मैनाबाई म्हणाली, "इतकं सावकास तं आमी तूप बी कढवत नाही." पेट्रोल गाळून होतं न होतं तोच एका जिनिंगवाल्या शेटजींचं कुटुंब मोटारीतून उतरलं. त्यांच्या गिरकीचे पैसे आधीच देऊन झाले होते. शेटजी वर गेले, शेटाणी वर गेली, आणि शेटाणीची आई वर जाते म्हणाली, नाही म्हणाली, मग जाते म्हणाली. कमलाकांतराव घड्याळ काढत होते आणि खिशात घालत होते. हेमचंद्रांची गाडी एव्हाना मूर्तिजापूर सोडून गेली असेल, या विचारानं त्यांना त्या थंडीतही घाम फुटला.

शेवटी त्यांची पाळी आली. पुढच्या जागेत दोघांनी शेजारी शेजारी बसायचं होतं. जागा एका अंगापिंडानं भरलेल्या माणसाला पुरेल एवढी होती.

"वकीलसायेब, जरा तिकडं सरका," मैनाबाई म्हणाली.

"तिकडं नाहीच आहे," वकीलसाहेब म्हणाले.

त्यांच्या जन्मात अशिलाशी इतकी जवळीक त्यांनी कधी केली नव्हती. गाठोडं मैनाबाईच्या मांडीवर, कागदांची पेटी वकिलांच्या मांडीवर, आणि दोघांच्या पोटावरून एकच पट्टा. होरमसजीनं मागून काहीतरी सांगितलं, समोरचा पंखा गरगरला, आणि सगळं रान मागे पळायला लागलं. मग चाकांचा खडखडाट थांबला.

तो थांबला त्याच क्षणी कमलाकांतरावांनी डोळे मिटले.

ते त्यांनी मुद्दाम मिटले असं नाही. ते मिटले गेले. गेली कित्येक वर्षं नकाशावर बोटानं जी सरळ रेघ ते ओढत होते, तिच्याखाली काहीच नसतं हे नकाशावर कुठे दाखवलेलं नव्हतं. त्यांनी कागदांची पेटी घट्ट धरली. रामरक्षा म्हणावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण आठवेना. तोंडाला आलं ते दिवाणी कायद्यातलं नववं प्रकरण, पक्षकार गैरहजर असल्यास काय करावे, ते. तेच ते पहिल्यापासून म्हणत गेले. मधे एकदा त्यांनी धीर करून डावा डोळा किलकिला केला. मैनाबाईनं पूर्ण पदर डोक्यावरून तोंडावर ओढून घेतला होता आणि ती पदराच्या आत काहीतरी बडबडत होती. अशिलाचाही धीर गेलेला पाहून त्यांना बरं वाटलं. मग विमान एका अंगावर कललं, आणि तो डोळा त्यांनी पुन्हा उघडला नाही.

आदळआपट होऊन विमान थांबलं तेव्हा होरमसजी मागून म्हणाला, "अकोला. वारा चांगला होता."

उतरल्यावर कमलाकांतरावांनी आधी पाय रोवून पाहिले, मग घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. पन्नास मैल पस्तीस मिनिटांत. हेमचंद्र दाभाडकरांना आता काय तोंड राहिलं असतं, जर ते विमान कोर्टाच्या दारात उतरलं असतं. ते उतरलं होतं गावाबाहेर तीन मैलांवर. विमान दुपारी येणार अशी अकोल्यात दवंडी होती, त्यामुळे बघायला कुणी नव्हतं, आणि बघायला कुणी नव्हतं म्हणून टांगाही नव्हता.

रस्त्यानं कापसाच्या बैलबंड्यांची रांग जिनिंगकडे चालली होती. शेवटच्या बंडीवर पुंजाराम नावाचा एक तेल्हाऱ्याकडचा माणूस होता. त्यानं दोघांना कापसाच्या ढिगावर घेतलं.

"कुठून आले?" त्यानं विचारलं.

"अमरावतीहून. आत्ताच," कमलाकांतराव ताठ बसून म्हणाले.

"मी परवाच्याले निंघालो," पुंजाराम म्हणाला. त्याला या दोन प्रवासांत विशेष फरक वाटलेला दिसला नाही.

"जरा पुढं काढ ना बंडी. कोर्टाची वेळ झाली आहे."

"रांग हाय सायेब. रांग मोडली तं मंग भांडनं होते."

बैल आपल्या चालीनं चालले. पन्नास मैलांना विमानानं घेतला त्याहून जास्त वेळ त्या बंडीनं दोन मैलांना घेतला. शेवटचा मैल वकील आणि अशील पायी निघाले. वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाला ठिकठिकाणी कापूस चिकटला होता आणि डोळ्यांभोवती वाऱ्याच्या चष्म्याची दोन लाल वर्तुळं उमटली होती. मैनाबाई त्यांच्यापुढे चार पावलं चालत होती.

कोर्टाची वेळ केव्हाच टळली होती. दावा निकालात निघाला असणार हे धरूनच कमलाकांतराव फाटकातून आत शिरले, आणि जागीच थांबले. कोर्टाचं सगळं आवार माणसांनी भरलं होतं. वकील, पक्षकार, चपराशी, बेड्यांसकट दोन आरोपी आणि त्यांना धरून उभा असलेला पोलीस, सगळे माना वर करून आभाळाकडे बघत होते. व्हरांड्यात स्वतः न्यायाधीशसाहेब डोळ्यांवर हात धरून उभे होते. कोर्टावरून विमान गेल्यापासून, ते परत येतं का याची वाट बघत, कुणी आतच गेलं नव्हतं. एकाही खटल्याचा पुकारा झाला नव्हता.

हेमचंद्र समोर आले. त्यांनी कमलाकांतरावांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, कोटावरचा एक बोंडाचा पुंजका काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "मी तासभर झाला आलोय. माझा नाश्ताही झाला."

"विमान तुमच्या डोक्यावरून आधीच गेलं," कमलाकांतराव म्हणाले.

"विमान गेलं. तुम्ही आत्ता आलात."

यावर वाद रंगला असता, पण न्यायाधीशांना कळलं की विमानातून आलेले गृहस्थ हेच. ते लगबगीनं आत जाऊन खुर्चीवर बसले आणि पहिला पुकारा मैनाबाईच्या दाव्याचा झाला. न्यायाधीश नागपूरकडचे, वयानं तरुण, हुद्द्यानं सबजज्ज. कागद त्यांनी उघडलेही नाहीत.

"मिस्टर तळवेलकर, वरून कसं दिसतं?"

सगळं कोर्ट कान देऊन ऐकू लागलं. कमलाकांतरावांनी घसा साफ केला. डोळे मिटले होते असं भर कोर्टात सांगणं त्यांच्यानं होईना. मग जे त्यांनी रोज नकाशावर बघितलं होतं तेच ते बोलू लागले. खाली काळ्याभोर जमिनीचे चौकोन, मधून नद्या, गावांचे ठिपके.

"आणि रेल्वे? रेल्वे कोणत्या बाजूला होती?"

"डावीकडे," कमलाकांतराव नकाशा आठवून म्हणाले.

"उजवीकडं," मागून मैनाबाई म्हणाली.

हेमचंद्र उठले. "साहेब, याची नोंद घ्यावी. एकाच विमानात बसलेल्या दोन माणसांना रेल्वे दोन बाजूंना दिसते. अशी ही वादी पक्षाची दृष्टी."

मैनाबाई न डगमगता पुढे आली. "आधी डावीकडंच होती सायेब. मंग त्या पारशानं इमान आडवं केलं, तवा उजवीकडं आली. वकीलसायबाचे तवा डोळे..." ती एक क्षण थांबली, आणि कमलाकांतरावांनी गर्रकन तिच्याकडे पाहिलं. "त्याच्या डोळ्यात कचरा गेला होता."

कमलाकांतराव चरकले ते कचऱ्यामुळे नव्हे. आपले डोळे मिटले होते हे हिला कळलं कसं, हा प्रश्न त्यांना पडला. हिचं तोंड तर पदरात होतं. पण ते तरी त्यांनी सुरुवातीलाच एकदा पाहिलेलं. नंतर काय झालं ते कुणाला ठाऊक. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला शेजारचे डोळे उघडे होते की बंद, याची साक्ष देता येत नाही.

न्यायाधीशांना मात्र बाईंचं उत्तर फार आवडलं होतं. "बाई, तुमचं गाव दिसलं का?"

"दिसलं ना. काटेपूर्णा दिसली. या रामरावाच्या घरावरचे नवे टिनं चमकून राह्यले होते."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या रामरावानं डोक्यावरचं पागोटं नीट केलं.

"आणि धुरा?" न्यायाधीशांनी विचारलं. "तो दिसला का?"

"तोच तं सगळ्यात साफ दिसते सायेब. नवा बी अन् जुना बी. मोडला तरी धुरा जमिनीत राह्यतेच. मारलेल्या पोराच्या पाठीवर वळ राह्यते ना, तसा."

न्यायाधीश खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या डोळ्यांत एक निराळीच चमक आली होती, आणि कमलाकांतरावांनी ती ओळखली. गेला आठवडाभर अमरावतीच्या रानात उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाच्या डोळ्यांत त्यांनी ती पाहिली होती.

"असं असेल तर सोपं आहे," न्यायाधीश म्हणाले. "वादग्रस्त जागेची पाहणी करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. विमान उद्या इथेच आहे. मी स्वतः वरून पाहणी करीन. पहिल्या फेरीत माझ्याबरोबर वादीचे वकील येतील, दुसऱ्या फेरीत प्रतिवादीचे. म्हणजे कुणावर अन्याय नको. दुपारी हुकूम लिहितो."

आणि कोर्ट जेवणाच्या सुट्टीसाठी उठलं.

बाहेरच्या निंबाखाली दोन्ही वकील समोरासमोर आले तेव्हा दोघांचे चेहरे सारखेच पांढरे पडले होते. हेमचंद्रांनी पान काढलं आणि चुना न लावताच तोंडात घातलं.

"कमळू," ते म्हणाले. शाळेनंतर पहिल्यांदाच त्यांनी हे नाव घेतलं. "मला उंचावर भोवळ येते, तुला ठाऊक आहे. मी गच्चीवरसुद्धा जात नाही."

"मग दुसरी फेरी सोडून दे."

"हाकिमाला नाही म्हणू? पुढेही त्याच्यासमोर उभं राहायचंय मला." हेमचंद्रांनी आवाज खाली आणला. "तुझं काय, तू सराईत. तुला काय भीती."

कमलाकांतरावांनी इकडे तिकडे पाहिलं. "तडजोड कर," ते म्हणाले.

"तूच कर ना. तुझ्या बाईला काहीतरी कमी घ्यायला सांग."

"तुझ्या रामरावाला काहीतरी जास्त द्यायला सांग."

वकिलीच्या इतक्या वर्षांत दोघांनी मिळून एखादा खटला मिटवायला इतका जीव आटवला नव्हता. कमलाकांतराव मैनाबाईला समजावू लागले, की जुन्या आणि नव्या धुऱ्याच्या अधेमधे कुठेतरी जमलं तर बघावं. मैनाबाई गाठोडं सोडून भाकर खात बसली होती. तिनं मिरचीचा ठेचा भाकरीवर पसरला.

"अधेमधे काहून? हाकिम उद्या जाऊन पाह्यतेच आहे. पाहू द्या त्याले."

"पण बाई, समजा त्यांना नाही दिसला."

"मले दिसला तं त्याले काहून नाही दिसनार? शिकेल मानूस आहे."

तिकडे हेमचंद्र रामरावाला घेऊन भिंतीच्या आडोशाला गेले होते. कमलाकांतरावांना वाटलं होतं, रामराव अडून बसेल. पण थोड्याच वेळात रामराव स्वतःच निंबाखाली आला आणि मैनाबाईसमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज पार बसला होता.

"वयनी, हाकिम वरून जाईन तं त्याले फक्त आपलाच धुरा दिसन काय?"

"सारंच दिसते," मैनाबाई घास चावत म्हणाली. "नदीपतूर."

रामरावानं मान खाली घातली. नदीच्या काठाला सरकारी पडीक जमीन होती, गावाच्या ढोरांना चरायला ठेवलेली. तीतही रामरावाचा नांगर गेली चार वर्षं चुकून शिरत होता, आणि यंदा तिथे त्याची कापसाची पऱ्हाटी छातीला लागेल एवढी वाढली होती. मैनाबाईचा धुरा हे घरातलं भांडण, सरकारची जमीन हे निराळं प्रकरण, हे त्याला वकिलानं सांगायची गरज नव्हती.

"घे तुहा धुरा," तो म्हणाला. "होता तिथं घालून देतो."

"कोन घालन?"

"मानसं लावतो."

"मानसं नाही. ज्या बैलानं मोडला त्याच बैलानं घाल, अन् तू सोता उभा राह्य. अन् बोरीचं झाड माह्या अंगात आलं पाह्यजे."

"बोर माह्याकडली आहे वयनी, माह्या बापानं..."

"मंग जाऊ द्या हाकिमाले वर."

"घे बोर," रामराव म्हणाला.

तडजोडीचा मसुदा दोन्ही वकिलांनी एकाच बाकावर बसून लिहिला. हेमचंद्र सांगत होते आणि कमलाकांतराव लिहीत होते, आणि मधे एकदाही कुणी कुणाच्या शब्दाला हरकत घेतली नाही. सुट्टीनंतर कोर्ट बसताच त्यांनी तो कागद समोर ठेवला. न्यायाधीशांनी वाचला, उलटा केला, पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा पडला.

"एवढी घाई का? उद्यापर्यंत थांबलं असतं तर नीट पाहणी झाली असती."

"पक्षकारांचं मनोमीलन झालंय साहेब," हेमचंद्र म्हणाले.

"कोर्टाला तसदी नको," कमलाकांतरावांनी जोड दिली.

न्यायाधीशांनी सुस्कारा सोडून सही केली. मग कागद बाजूला सारून त्यांनी मैनाबाईला विचारलं, विमानात बसताना कोणत्या बाजूला बसावं. मैनाबाई म्हणाली, दोघं असले तर बाजू राह्यतच नाही.

संध्याकाळच्या गाडीनं सगळे परत निघाले. कमलाकांतरावांनी होरमसजीची चौकशीही केली नाही. रामराव काटेपूर्णेच्या स्टेशनावर उतरून गेला. उतरताना त्यानं मैनाबाईचं गाठोडं वरच्या फळीवर नीट ठेवून दिलं. तडजोड झाली म्हणून म्हणा किंवा सवयीनं म्हणा. हेमचंद्र खिडकीला डोकं टेकून घोरायला लागले. बाहेर दिवस मावळतीला आला होता आणि दोन्ही बाजूंनी कापसाची वावरं मागे जात होती. गाडी मधेच कुठल्याशा सिग्नलला थांबली, आणि कमलाकांतरावांना त्याचं काहीच वाटलं नाही. खाली चाकं होती, चाकांखाली रूळ होते, रुळांखाली जमीन होती.

सकाळपासून मनात असलेला प्रश्न त्यांनी आता विचारला. हळूच विचारला, हेमचंद्रांना ऐकू जाऊ नये असा.

"मैनाबाई, खरं सांगा. तो जुना धुरा तुम्हाला खरंच दिसला?"

मैनाबाईनं हेमचंद्रांकडे एकदा पाहून घेतलं.

"पहिले मी पदरातच होती," ती म्हणाली. "मंग वाऱ्यानं पदर उडाला. डोळे उघडले तं बाजूले तुमी. डोळे मिटेल, दात वाजून राह्यले, अन् तोंडानं कायचे तरी कलमं म्हनून राह्यले होते. मी म्हनलं, वकीलच असा भेदरला तं माह्या खटल्याचं कसं होईन. खाली काय पाह्यता. सारा रस्ता तुमालेच पाह्यत होती. सुटून पडसान म्हनून कोट धरून बसली होती तुमचा."

"मग रेल्वे? ती उजवीकडे होती म्हणालात ते?"

"एका बाजूले तं असंनच ना ते," मैनाबाई म्हणाली. "तुमी डावीकडं म्हनले, म्हनून मी उजवीकडं म्हनली. दोघंबी डावीकडं म्हनलो असतो, तं त्या दाभाडकर वकिलानं म्हनलं असतं पढवून आनलं."

बडनेऱ्याला गाडी बदलून कमलाकांतराव घरी पोचले तेव्हा गोदावरीबाई ओसरीवर दिवा लावत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या कोटावरचा कापूस पाहिला, चेहऱ्यावरची वर्तुळं पाहिली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस मिनिटं."

"आणि मग दिवसभर कुठे होता?"

कमलाकांतरावांनी चूळ भरली, पाय धुतले, मफलर काढून खुंटीला अडकवला आणि पान वाढायला सांगितलं.